देखाव्यातली कंट्रोल रूम

प्रश्न : नांदेडला आमच्या गणेश मंडळाचा चांद्रयान-३चा देखावा आहे. लुकलुकत्या दिव्यांचे पॅनेल स्वस्तात कसे करावे?

उत्तर : हार्डबोर्डला काळा रंग द्या, ५ मिलिमीटरची भोके पाडून एलईडी बसवा. ५५५ टायमर आयसीला १ व ६८ किलोओमचे रेझिस्टर आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला की साधारण सेकंदाला एकदा उघडझाप होते. १२ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर तीन लाल एलईडी सिरीजमध्ये लावा, सोबत ४७० ओमचा रेझिस्टर. तो विसरलात तर एलईडी जळालेच. सगळे एकदम लुकलुकवू नका, लग्नाची रोषणाई वाटते! बहुतेक स्थिर ठेवा. पॅनेलमध्ये २३० व्होल्ट अजिबात नको. भाद्रपदात पाऊस असतोच. आणि मंडपाला महावितरणची तात्पुरती जोडणी घ्या, आकडा टाकू नका.