जुनं न मोडता नवं बसवणाऱ्यांची नोकरी

समजा, एखाद्या पतसंस्थेच्या संगणकात ३१ मार्चची शेवटची नोंद रात्री ११ वाजून ५९ मिनिटं ५९.९९९ सेकंद या वेळेने पडते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने दिवसाचा शेवट म्हणून ही वेळ कधीतरी ठरवून टाकलेली असते. वर्षानुवर्षं सगळं सुरळीत चालतं. मग डेटाबेस आणि त्याचा ड्रायव्हर यांची नवी आवृत्ती बसवली जाते, आणि तीच नोंद १ एप्रिलच्या खात्यात, म्हणजे पुढच्या आर्थिक वर्षात जाऊन बसते. पडद्यावर चूक दाखवणारा एकही संदेश येत नाही. ताळेबंद तेवढा जुळत नाही.

कारण साधं आहे. मायएसक्यूएल या डेटाबेसला ५.६.४ या आवृत्तीपासून सेकंदाचा अपूर्णांक साठवता येऊ लागला. पण रकान्यात अपूर्णांकाला जागा नसेल तर तो आकडा जवळच्या पूर्ण सेकंदाला नेतो, म्हणून ५९.९९९ चा पुढचा सेकंद होतो. जुना ड्रायव्हर हा अपूर्णांक सर्व्हरपर्यंत पोहोचूच द्यायचा नाही, नवा मात्र इमानदारीने पोहोचवतो. यात कोणीच काही चुकीचं केलेलं नाही. म्हणून तर नवी आवृत्ती बसवण्याआधी हे शोधून काढणारा माणूस लागतो.

या माणसाच्या कामाबद्दल नळदुर्ग, अणदूर, जळकोट, तुळजापूर भागातल्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या आईवडिलांना सांगायचं आहे. करिअर मेळाव्यात एआयचा, सायबर सिक्युरिटीचा, डेटा सायन्सचा स्टॉल असतो. याचा नसतो.

ड्रायव्हर म्हणजे काय, ते आधी पालकांसाठी. बँकेचा किंवा कारखान्याचा प्रोग्रॅम एका भाषेत बोलतो आणि माहिती साठवणारा डेटाबेस दुसऱ्या भाषेत. दोघांच्या मधला दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर. जुना दुभाष्या निवृत्त होऊन नवा, जास्त शिकलेला आला तरी जुन्या साहेबाच्या, म्हणजे जुन्या प्रोग्रॅमच्या, बोलण्याच्या लकबी त्याला ठाऊक नसतात. त्या लकबी कुठल्याही कागदावर लिहिलेल्या नसतात, ही खरी अडचण.

या दुभाष्यांसाठी नियम ठरवण्याचे प्रयत्न जुने आहेत. मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये ओडीबीसी आणलं, १९९७ मध्ये जावाबरोबर जेडीबीसी आलं. जावाच्या जेडीबीसीतून ओडीबीसीकडे जाणारा एक पूलही होता. आपल्याकडच्या कितीतरी कॉलेज प्रोजेक्टांत मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसला जोडायला तोच वापरलेला असायचा. २०१४ च्या जावा ८ मध्ये तो काढून टाकला. थोरल्या भावाचा प्रोजेक्ट आज आपल्या लॅपटॉपवर का चालत नाही, याचं उत्तर बऱ्याचदा इथेच सापडतं.

न चालणारी गोष्ट निदान दिसते तरी. मायएसक्यूएल ८.० ने २०१८ मध्ये पासवर्ड तपासायची पद्धत बदलली, तेव्हा जुन्या ड्रायव्हरवरचे प्रोग्रॅम जोडलेच जाईनात. २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरच्या १८ व्या ओडीबीसी ड्रायव्हरने जोडणी कूटबद्ध असण्याचा आग्रह धरला आणि प्रमाणपत्र नीट न बसवलेल्या ठिकाणी जोडणी नाकारली जाऊ लागली. असे दोष पहिल्या पाच मिनिटांत कळतात आणि दुरुस्त होतात. भीती वाटावी ती न दिसणाऱ्यांची. ओरॅकल या डेटाबेसच्या जुन्या जावा ड्रायव्हरमध्ये तारखेच्या रकान्यातून तारीख आणि वेळ दोन्ही मिळायचं. ९.२ पासून त्याच रकान्यातून नुसती तारीख येऊ लागली, वेळ गळाली. ११.१ मध्ये ओरॅकलने ते पूर्ववत केलं, आणि मधल्या काळासाठी जुन्यासारखं वागायला लावणारी एक खास खूणही दिली होती. रुग्णालयाच्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये औषध दिल्याची वेळ अशी गळाली, तर प्रोग्रॅम चालूच राहील आणि रोज मध्यरात्रीचे बारा दाखवील.

मराठवाड्यातल्या मुलांना या कामात एक फायदा आहे, आणि तो मी उगाच धीर द्यायला सांगत नाही. २०२३ मध्ये आपल्या जिल्ह्याचं नाव उस्मानाबादचं धाराशिव झालं. इंग्रजीत दोन्ही नावं नऊ अक्षरांची, त्यामुळे जुन्या रकान्यांत नवं नाव बिनबोभाट मावलं. शेजारी औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. इंग्रजीत १० अक्षरांच्या जागी मधली मोकळी जागा धरून २५. रकाना २० चा असेल तर काय होईल? काही व्यवस्था नाव गुपचूप कापतात, तर काही नोंदच नाकारतात. डेटाबेस आणि ड्रायव्हर बदलला की कापणारी व्यवस्था नाकारणारी होऊ शकते, किंवा उलटही.

देवनागरीत गुंता वाढतो. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत आपलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. काना, वेलांटी, अनुस्वार, पायमोडसुद्धा. 'नळदुर्ग' डोळ्यांना चार अक्षरी दिसतं, संगणकाला सात चिन्हं म्हणजे २१ बाइट लागतात. 'औरंगाबाद'ला २४ लागतात आणि 'छत्रपती संभाजीनगर'ला ४९. ओरॅकलमध्ये वेगळं काही सांगितलं नसेल तर रकान्याची लांबी बाइटमध्ये मोजली जाते. ३० चा रकाना इंग्रजीसाठी ऐसपैस, मराठीसाठी दहा चिन्हांचा. 'वऱ्हाडे' हे आडनाव पडद्यावर एकसारखं दिसलं तरी आत निरनिराळ्या रीतींनी लिहिलेलं असू शकतं, आणि काही डेटाबेस त्यांना निरनिराळे लोक समजतात. त्याहून जुनी नोंद सी-डॅकच्या आयएसएममधल्या किंवा श्रीलिपीच्या फॉन्टात टाइप केलेली असेल, तर डेटाबेसात मराठी नसतंच. असतात ती लॅटिन चिन्हांची सांकेतिक रूपं, जी त्या फॉन्टात मराठी दिसतात. नवा ड्रायव्हर मदत करायच्या हेतूने त्यांचं युनिकोडमध्ये रूपांतर करायला जातो आणि सात पिढ्यांची नावं प्रश्नचिन्हांच्या रांगा होतात. हे बंगळुरूच्या कंपनीत बसलेल्या, मराठी न येणाऱ्या परीक्षकाला सुचणारच नाही. आपल्या मुलीला सुचेल.

जुनं कधी मोलाचं ठरेल याचा नेम नसतो, हे या भागाला वेगळं सांगायला नको. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात कुणबी नोंदींसाठी निजामकाळची दप्तरं उघडली गेली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना शोधत फिरावं लागलं. आज संगणकात असलेल्या नोंदींवरही उद्या तशीच वेळ येऊ शकते.

आता पालकांचा पहिला प्रश्न. कंपन्या यासाठी पगार का देतील? इंग्लंडमधल्या टीएसबी बँकेचं उदाहरण घ्या. एप्रिल २०१८ मध्ये या बँकेने आपली सगळी माहिती जुन्या संगणक-व्यवस्थेतून नव्या व्यवस्थेत हलवली. माहिती हलली, पण नवी व्यवस्था कोलमडली. सगळ्या शाखांना आणि ५२ लाख ग्राहकांपैकी मोठ्या हिश्शाला फटका बसला, कारभार पूर्ववत व्हायला त्या वर्षीचा डिसेंबर उजाडला. ग्राहकांना भरपाई म्हणून ३ कोटी २७ लाख पौंड मोजावे लागले आणि डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड ठोठावला. तिथला घोटाळा एका ड्रायव्हरपुरता नव्हता, बराच मोठा होता. पण चाचणी अपुरी पडली की बिल किती येतं, ते यावरून कळतं.

महाराष्ट्रात या कामाचं मोठं केंद्र पुणे. पर्सिस्टंट सिस्टिम्स १९९० मध्ये पुण्यात सुरू झाली. तिचे संस्थापक आनंद देशपांडे यांनी अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात डेटाबेस याच विषयात पीएच.डी. केली होती. एंटरप्राइजडीबी ही पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारी कंपनीही पुण्यात आहे. ओरॅकलसाठी लिहिलेले जुने प्रोग्रॅम फारसे न बदलता पोस्टग्रेसवर चालावेत, हा तिच्या धंद्याचा एक मोठा भाग. ओरॅकल रिकाम्या मजकुराला 'नोंदच नाही' असं समजतो, पोस्टग्रेस दोन्हींत फरक करतो. एवढ्या एका फरकाने किती प्रोग्रॅम अडखळतात याची यादी करायला बसलं तर महिना जाईल, आणि ती यादी करणं हेच या क्षेत्रातलं काम.

थेट 'ड्रायव्हर चाचणी' अशी जाहिरात शोधू नका, ती क्वचितच दिसेल. क्यूए इंजिनिअर, एसडीईटी, डेटाबेस सपोर्ट, मायग्रेशन इंजिनिअर या नावांखाली हे काम असतं. नव्या मुलाला पहिल्या दिवशी ते मिळत नाही. आधी वर्ष-दोन वर्षं साधी चाचणी, सपोर्टच्या पाळ्या, रात्रीचे फोन. पगाराचे फुगवलेले आकडे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

एआयमुळे हे काम जाईल का, असं हल्ली सगळेच विचारतात. पडद्यावरची बटणं दाबून 'चाललं' आणि 'नाही चाललं' एवढंच लिहिणाऱ्यांची गरज कमी होत चालली आहे, हे खरं आहे. चाचणीचा कोड एआय झटपट लिहून देतो. पण पंधरा वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅम ड्रायव्हरच्या कोणत्या खोडीवर विसंबून आहे, हे कुठेच लिहिलेलं नसेल तर आधी ते तपासायचं कोणाला तरी सुचावं लागतं.

शिक्षणासाठी फार लांब जायची गरज नाही. बीसीए, बी.एस्सी. संगणकशास्त्र, अभियांत्रिकी, काहीही चालेल. सोलापूर तासाभरावर आहे, तुळजापूर आणि धाराशिवलाही अभियांत्रिकीची सोय आहे. शंभर टक्के प्लेसमेंटचा फलक लावून दीड-दोन लाख मागणाऱ्या क्लासच्या पायऱ्या चढण्याआधी, शेत किंवा दागिना गहाण टाकण्याआधी, मुलाने घरी एक काम करून दाखवावं, असा माझा आग्रह आहे. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल फुकट मिळतात. जावाच्या ड्रायव्हरांच्या जुन्या आवृत्त्या मेव्हन सेंट्रल या साठ्यात जपून ठेवलेल्या असतात, त्याही फुकट. गावातल्या दूध संकलन केंद्राचा छोटासा हिशेब जुन्या ड्रायव्हरवर लिहायचा. त्यात मुद्दाम अडचणीच्या नोंदी घालायच्या: वऱ्हाडे आडनाव, ३१ मार्चची ती वेळ, रिकामा मजकूर, दहा पैशांची रक्कम, लांबलचक गावाचं नाव. सगळं जसं दिसतं तसं टिपून ठेवायचं. मग फक्त ड्रायव्हर बदलायचा, बाकी कशालाही हात लावायचा नाही. जिथे फरक पडला तिथे थांबायचं आणि त्याचं कारण शोधायचं.

हे करताना मूल कंटाळलं तर तेही कळलेलं बरं. प्रत्येकाला हे काम मानवत नाही आणि त्यात कमीपणा काहीच नाही. पण फरक सापडल्यावर जेवायचं विसरलं, तर पुढची पायरी एसक्यूएल नीट शिकण्याची, लिनक्स आणि गिटची ओळख करून घेण्याची. स्वयम-एनपीटीईएलवर सॉफ्टवेअर टेस्टिंगचे अभ्यासक्रम फुकट शिकता येतात, प्रमाणपत्राच्या परीक्षेलाच शुल्क पडतं. आयएसटीक्यूबीचं पायाभूत प्रमाणपत्र नंतर घेतलं तरी चालतं. मुलाखत घेणारा प्रमाणपत्र बघतो, पण प्रश्न केलेल्या कामावर विचारतो.

इंग्रजीची धास्ती आपल्याकडे सगळ्यात मोठी. या कामात भाषण करावं लागत नाही, दोषाचा अहवाल लिहावा लागतो. कोणत्या आवृत्तीवर, काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, पुन्हा कसं घडवून आणता येईल; पाच-सहा साधी वाक्यं. पोस्टग्रेसच्या जावा ड्रायव्हरचं काम खुलं आहे, तिथे लोकांनी नोंदवलेले दोष कोणालाही वाचता येतात. रोज एक वाचायचा, आपल्या संगणकावर घडवून बघायचा, आपल्या शब्दांत पुन्हा लिहायचा. सहा महिन्यांनी त्यातले चांगले दहा गिटहबवर ठेवायचे आणि बायोडेटात पहिल्या ओळीत त्यांचा पत्ता द्यायचा, टक्केवारीच्याही वर.