मणी उजळला, पण कशानं?

फ्लो सायटोमीटरच्या पडद्यावर शिखर उजवीकडे सरकलं की लॅबमध्ये चहाची ऑर्डर जाते. आमच्याकडेही गेली होती. पॉलिस्टायरीनच्या मण्यांवर एक प्रोटीन बसवलेलं, रंग लावलेलं दुसरं त्यात सोडलेलं, आणि मणी लखलखलेले. पुढची नळी कोऱ्या मण्यांची होती. तेही जवळपास तितकेच लखलखले. प्रोटीन प्रोटीनला नाही, प्लास्टिकला चिकटलं होतं.

हे काम नव्यानं हाती घेणाऱ्यांना म्हणूनच सांगतो: आधी कंट्रोल, मग आनंद.

पॉलिस्टायरीनला पाण्याचं वावडं, त्यामुळे प्रोटीनं त्यावर आपसूक बसतात. मणी बीएसए किंवा केसीननं ब्लॉक करा, बफरमध्ये ०.०५ टक्के ट्वीन-२० ठेवा. कंट्रोलला नुसते कोरे मणी पुरत नाहीत. तुमचं प्रोटीन जीएसटी या टॅगला जोडलेलं असेल, तर एकटं जीएसटी बसवलेले मणीही हवेत.

स्ट्रेप्टॅव्हिडिनचे मणी वापरत असाल तर मोकळ्या बायोटिनवर नजर ठेवा. आरपीएमआय-१६४० माध्यमात लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम बायोटिन असतं. तुमच्या बायोटिन लावलेल्या प्रोटीनच्या आधी तेच जागा अडवतं. नमुना डायलिसिस करूनच घाला.

धुण्याचा अतिरेक नको. मिनिटाभरात निम्मी सुटणारी जोडी पाच मिनिटांच्या धुण्यात सुमारे तीन टक्क्यांवर येते, आणि आपण 'बंध नाही' असं लिहून मोकळे होतो. सायटोमीटर बारीक धारेतून जाणारा एकेक मणी पाहतो, त्यामुळे भोवतालचा थोडा मोकळा रंग त्याला खपतो. रंगीत प्रोटीन काही नॅनोमोलरच असेल तर न धुताच मोजून पाहा.

मण्यावर प्रोटीनची दाटीही करू नका. दोन हातांचं प्रोटीन शेजारच्या दोन जागा एकदम धरतं आणि कमकुवत बंध भक्कम भासतो. जीएसटी तर स्वतःच जोडीनं राहतं. मण्यावरचा भार कमी केल्यावर केडी, म्हणजे बंधाची ताकद सांगणारा आकडा, बदलत असेल, तर पहिला आकडा छापू नका. एकमेकांना चिकटलेले मणी गेट लावून आधीच वगळा.

शेवटची परीक्षा स्पर्धेची. बिनरंगाचं तेच प्रोटीन भरपूर घाला. सिग्नलचा जेवढा भाग त्यानं उतरतो, तेवढाच आलेखात मांडा. उरलेला उजेड मण्याच्या खात्यावर.