पाठपरंपरा आणि आवृत्तिभांडाराचे स्थलांतर

१

ग्रंथाचे स्थलांतर ही पाठचिकित्सेच्या दृष्टीने नेहमीच जोखमीची घटना असते. पोथी एका मठातून दुसऱ्या मठात जाते, तिची नक्कल होते, ती छापली जाते, पुढे संगणकावर येते. या प्रत्येक वेळी मजकूर बहुधा पोहोचतो. परंतु तो मजकूर असाच का आहे, तो कोणी, केव्हा व कशाच्या आधारे असा केला, हे सांगणारी माहिती पुष्कळदा मागे राहते. प्रस्तुत लेखात या जुन्या प्रश्नाचा विचार एका नव्या साधनाच्या संदर्भात करावयाचा आहे. संगणकाच्या क्षेत्रात मजकुरातील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेला आवृत्तिनियंत्रण म्हणतात, आणि मजकूर व त्याचा इतिहास जेथे एकत्र साठवलेला असतो त्या संग्रहाला रिपॉझिटरी म्हणतात. येथे त्यासाठी ‘भांडार’ हा शब्द योजला आहे. असे भांडार एका सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरवर नेताना काय बरोबर येते आणि काय मागे राहते, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नाही. लोकसाहित्याचे संकलन आणि पाठसंपादन करणाऱ्या अभ्यासकाचाही तो आहे.

२

मराठीच्या पाठपरंपरेत या प्रश्नाची दोन परस्परविरोधी उत्तरे आढळतात.

पहिले उत्तर लीळाचरित्राचे. चक्रधरांच्या आठवणी म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस एकत्र केल्या. महानुभाव परंपरेनुसार ती मूळ पोथी पुढे परचक्राच्या धामधुमीत नाहीशी झाली आणि अनुयायांनी स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला. साहजिकच पाठ अनेक झाले. येथे महत्त्वाचे हे की, त्या लेखकांनी भेद पुसून टाकले नाहीत. ‘एकी वासना’ अशा संकेताने निराळे स्मरण मजकुरातच नोंदविण्याची आणि काही ठिकाणी ते कोणाचे हेही सांगण्याची पद्धत त्यांनी पाळली. पाठाबरोबर पाठाचा इतिहासही प्रवास करीत राहिला.

दुसरे उत्तर ज्ञानेश्वरीचे. शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये एकनाथांनी तिचे शुद्धीकरण केले. त्या कार्याचे मोल वादातीत आहे. तथापि त्यांच्यासमोर कोणत्या प्रती होत्या, कोणता शब्द त्यांनी कोठे बदलला आणि का, याची ओवीवार नोंद आपल्यापर्यंत आलेली नाही. पुढे वि. का. राजवाडे यांनी बीड येथे मिळालेल्या पोथीवरून १९०९ मध्ये ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली आणि ती एकनाथपूर्व असल्याचे प्रतिपादन केले. पण ती पोथी नंतरच्या अभ्यासकांना पडताळणीसाठी उपलब्ध राहिली नाही. ज्या पाठावर मराठीच्या ऐतिहासिक व्याकरणाची मांडणी झाली, त्याचा साक्षीदारच असा हरपला. पोथीतून छापील पानावर मजकूर आला, मात्र पडताळणीचा मार्ग बंद झाला.

भांडार हलविताना यांपैकी कोणता मार्ग आपण पत्करतो, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

३

आज सर्वाधिक वापरात असलेली आवृत्तिनियंत्रण-व्यवस्था म्हणजे ‘गिट’ होय. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्स प्रणालीच्या विकासासाठी ती तयार केली. तिची रचना पाठसंपादकाला सहज उमगेल अशी आहे. मजकुरात बदल करून तो कायम केला की एक नोंद तयार होते. तिला ‘कमिट’ म्हणतात. या नोंदीत पाच गोष्टी असतात: त्या क्षणीच्या संपूर्ण मजकुराचा निर्देश, आधीच्या नोंदीचा निर्देश, बदल करणाऱ्याचे नाव व वेळ, तो भांडारात दाखल करणाऱ्याचे नाव व वेळ, आणि बदलाचे कारण सांगणारी टीप. या सर्वांवरून गणिती रीतीने एक ओळखक्रमांक काढला जातो. रूढ पद्धतीत तो चाळीस चिन्हांचा असतो.

प्रत्येक नोंदीत आधीच्या नोंदीचा क्रमांक गुंफलेला असल्यामुळे मधल्या एखाद्या जुन्या नोंदीतील एक काना जरी बदलला, तरी तिचा व तिच्यानंतरच्या सर्व नोंदींचा क्रमांक बदलतो. म्हणून दोन ठिकाणच्या भांडारांत शेवटच्या नोंदीचा क्रमांक एकच असेल, तर तिच्यामागची साखळीही व्यवहारतः तीच आहे असे मानता येते. प्रतींची तुलना करण्यात आयुष्ये वेचलेल्या आपल्या संपादकांना अशी कसोटी उपलब्ध नव्हती.

४

हे एका उदाहरणाने पाहू. नवी मुंबईतील खांदेश्वर हे हार्बर मार्गावरील पनवेलच्या अलीकडचे स्थानक. या परिसरातील पनवेल तालुक्याच्या गावांतून आगरी समाजाची जुनी वस्ती आहे आणि लग्नविधीत धवलारीण गाते ती धवळे-गीते हे तेथील मौखिक साहित्याचे मोलाचे अंग आहे. समजा, तेथील एका महाविद्यालयातील अध्यापक व विद्यार्थी ही गीते ध्वनिमुद्रित करून लिहून काढीत आहेत आणि संहिता गिटच्या भांडारात ठेवीत आहेत. एकच गीत दोन धवलारणींकडून ऐकले की कडवी मागेपुढे होतात, नाती बदलतात, गावाचे नाव बदलते. प्रत्येक भेद ही एक स्वतंत्र नोंद होते.

अशा संकलनात स्थळाची नोंद विशेष निकडीची आहे. नवी मुंबई विमानतळासाठी चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, उलवे आदी दहा गावठाणे उठविण्यात आली आणि त्यांतील कुटुंबांचे पुनर्वसन वडघर, करंजाडे, वहाळ या ठिकाणी झाले. विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. एखाद्या गीतावर केवळ ‘कोल्ही’ एवढेच लिहिलेले असेल, तर ते जुन्या गावठाणात ऐकले की पुनर्वसित वस्तीत, हे तारखेवाचून ठरविता येणार नाही. गाव जागेवर नाही. गीताची तारीख आणि गाणारीचे मूळ गाव एवढाच पुरावा हाती आहे. तो हरपला तर गीत उरेल, पण त्याचा संदर्भ पुन्हा मिळविता येणार नाही.

५

आता समजा, ज्या सेवेवर हे भांडार ठेवले होते ती बंद होणार आहे. असे प्रसंग काल्पनिक नाहीत. ‘गूगल कोड’ ही सेवा बंद करण्याची घोषणा मार्च २०१५ मध्ये झाली आणि जानेवारी २०१६ मध्ये ती बंद झाली. देवनागरीसह अनेक भारतीय लिप्यांसाठीच्या ‘लोहित’ या मुक्त फॉन्टसंचाचे भांडार ‘फेडोरा होस्टेड’ या सेवेवर होते. ती सेवा २०१७ मध्ये बंद झाली आणि लोहितचे काम ‘पॅग्युअर’ या स्थळी आले. एखाद्या जोडाक्षराची घडण केव्हा व कोणत्या कारणाने बदलली हे त्या फॉन्टच्या नोंदींतूनच कळू शकते, म्हणून असे स्थलांतर लिपीच्या अभ्यासकालाही महत्त्वाचे वाटावे.

स्थलांतराचे सर्वांत सोपे आणि सर्वांत घातक रूप म्हणजे सर्व धारिकांची एक ‘झिप’ उतरवून ती नव्या ठिकाणी चढविणे. यात अखेरची संहिता येते, इतिहास येत नाही. नव्या भांडारात सर्व गीते एकाच दिवशी, एकाच माणसाने लिहिल्यासारखी दिसतात.

दुसरे रूप साध्या ‘क्लोन’चे, म्हणजे प्रतीचे. इतिहास येतो, परंतु ही प्रत कामात उघडलेल्या एकाच शाखेवर पुढे ढकलली, तर इतर शाखा आणि आवृत्तींवर लावलेल्या खुणा, ज्यांना ‘टॅग’ म्हणतात, त्या नव्या ठिकाणी जात नाहीत. एका धवलारणीचा पाठ स्वतंत्र शाखेत ठेवला असेल, तर नेमका तोच गहाळ होण्याचा संभव असतो.

योग्य मार्ग ‘मिरर’ या पर्यायाचा. जुन्या भांडाराची मिरर-प्रत घ्यावी, नव्या सर्व्हरवर एक रिकामे भांडार उघडावे आणि तेथे मिरर-पर्यायानेच सर्व काही पाठवावे. यात शाखा व टॅग सर्व जातात. त्यानंतर दोन्हीकडील शाखांची व टॅगांची यादी क्रमांकांसह काढून ओळीने ताडून पाहावी. गिटमध्ये भांडाराची अंतर्गत सुसंगती तपासणारी आज्ञा आहे, तीही चालवावी. ध्वनिमुद्रणे ‘एलएफएस’ या मोठ्या धारिकांच्या सोयीने ठेवली असतील, तर भांडारात त्यांचे केवळ निर्देश असतात. प्रत्यक्ष ध्वनी वेगळ्या आज्ञेने आणून वेगळ्याने पाठवावा लागतो. हे न केल्यास संहिता सुखरूप पोहोचते आणि आवाज मागे राहतो. शेवटी जुने स्थळ अस्तित्वात असेतोवर ते केवळ वाचनासाठी खुले ठेवून तेथे नव्या पत्त्याची सूचना लावावी, म्हणजे प्रबंधांतील जुने निर्देश निराधार होणार नाहीत.

६

एवढे केल्यावरही तीन मर्यादा उरतात, आणि साहित्याच्या अभ्यासकाने त्यांची दखल विशेषत्वाने घेतली पाहिजे.

पहिली अशी की, गिट फक्त भांडारात असलेलाच इतिहास हलविते. ‘हा शब्द असा का वाचावा’ यावर सहकाऱ्यांनी त्या सेवेच्या चर्चापृष्ठावर घातलेला वाद भांडारात नसतो. तो त्या सेवेच्या स्वतःच्या साठ्यात असतो. काही सेवा तो आयात करण्याची सोय देतात, पण तिच्यावर विसंबून राहू नये. निर्णयाचे कारण नोंदीच्या टिपेतच लिहावे. ‘दुरुस्ती केली’ ही टीप पाठसंपादकाच्या लेखी निरुपयोगी आहे. कोणत्या ध्वनिमुद्रणावरून, कोणता शब्द, कोणाच्या खुलाशाने बदलला, हे तीत आले पाहिजे.

दुसरी मर्यादा कर्तृत्वाची. गिटच्या नोंदीत बदल करणारा आणि दाखल करणारा अशा दोनच व्यक्तींना जागा आहे. मौखिक साहित्यात तिसरी आणि खरे पाहता पहिली व्यक्ती असते, ती गाणारी. यंत्र तिला ओळखत नाही. तिचा उल्लेख संकलकाने स्वतः केला नाही, तर कितीही निर्दोष स्थलांतर झाले तरी भांडार विद्यार्थ्यालाच कर्ता ठरवील. लीळाचरित्राच्या लेखकांनी स्मरण कोणाचे हे सांगण्याचा जो दंडक पाळला, त्याची येथे पुन्हा गरज आहे.

तिसरी मर्यादा पहिल्या दोहोंच्या उलट दिशेची आहे. जी साखळी इतिहासाचे रक्षण करते, तीच विस्मरणाला वाव ठेवीत नाही. एखाद्या गाणारीने पुढे आपले नाव काढून टाकण्यास सांगितले, तर अखेरच्या संहितेतून ते काढणे सोपे आहे. जुन्या नोंदींत ते राहतेच. तेथून ते काढावयाचे तर त्या नोंदीपासून पुढचा सर्व इतिहास नव्याने लिहावा लागतो, सर्व क्रमांक बदलतात आणि आधी घेतलेल्या प्रतींशी असलेला मेळ तुटतो. म्हणून नाव द्यावयाचे की संकेताक्षर, याची संमती संकलनाच्या प्रारंभीच घेतली पाहिजे. स्थलांतराची वेळ ही या निर्णयाची फेरतपासणी करण्याची अखेरची सोयीची वेळ होय, कारण त्यानंतर नव्या ठिकाणाहून नव्या प्रती पसरू लागतात.

७

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, भांडाराचे स्थलांतर हा पाठसंक्रमणाचाच एक आधुनिक प्रकार आहे आणि त्याला पाठचिकित्सेचेच निकष लावले पाहिजेत. यंत्र साखळी अखंड ठेवू शकते. त्या साखळीत काय ओवावयाचे हे अभ्यासकाने ठरवावयाचे असते. पदव्युत्तर वर्गात क्षेत्रीय संकलनाचे काम देताना संहितेइतकेच महत्त्व नोंदींच्या टिपांना दिले आणि मूल्यमापनात त्यांचाही विचार केला, तर ही शिस्त विद्यार्थ्यांच्या अंगी सहज बाणेल. खांदेश्वरच्या आसपासच्या गावांसारख्या, डोळ्यांदेखत बदलून गेलेल्या भूप्रदेशात ही शिस्त विशेष अगत्याची आहे. तेथे गाणाऱ्या पिढीला जाऊन पुन्हा विचारता येण्याचे दिवस मोजकेच उरले आहेत.