सिलिंडर घासल्याने इंजिनाची शक्ती वाढते का?



बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसले आहे. मलकापूरहून इकडे येताना मोताळ्याच्या पुढे राजूरचा घाट चढावा लागतो. माझा एक जुना विद्यार्थी या रस्त्याने दोन धावांच्या जुन्या मोटारसायकलीवर ये-जा करतो. कोणीतरी सांगितले म्हणून त्याने तिच्या सिलिंडरचे एक दार कानशीने दोन मिलिमीटर वर घासून घेतले. आठ दिवसांनी तो माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, सपाटीवर गाडी चांगली पळते, पण मागे माणूस बसला की घाटात दम टाकते. पेट्रोलही जास्त लागते. असे का व्हावे?"

हा प्रश्न आपण भौतिकशास्त्राच्या साहाय्याने सोडवू.

१९७२ साली तयार होऊ लागलेल्या लुना आणि चेतक या दोन्ही गाड्यांची इंजिने दोन धावांची होती. आज अशा नव्या दुचाकी जवळजवळ दिसत नाहीत. पण जुन्या गाड्यांत आणि शेतातल्या पाठीवरच्या पॉवर फवारणी पंपांत हे इंजिन अजून आढळते. पिस्टन एकदा वर आणि एकदा खाली गेला की त्याचे एक चक्र पूर्ण होते. त्यात वर-खाली होणाऱ्या झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीतच दारे असतात आणि पिस्टन ती उघडतो व झाकतो. जळलेला वायू बाहेर जातो ते निष्कास द्वार. गॅरेजमधील कारागीर त्याला एक्झॉस्ट पोर्ट म्हणतात. खाली येणारा पिस्टन क्रँकपेटीतील पेट्रोल-हवेचे मिश्रण दाबतो आणि ते ज्या दारातून वर येते, त्याला आपण भरणद्वार म्हणू. पेटीचा असा उपयोग जोसेफ डे या इंग्रज अभियंत्याने १८९१ च्या सुमारास केला.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. काही काळ ही दोन्ही दारे एकाच वेळी उघडी असतात. ताजे मिश्रण आत येते आणि जळलेल्या वायूला झाडून बाहेर काढते. झाडता झाडता थोडे ताजे मिश्रणही दाराबाहेर जाते. म्हणून दार किती उंच आणि किती वेळ उघडे, यावर सारे अवलंबून असते.

थोडे गणित करू. सिलिंडरचा व्यास ५० मिमी आणि पिस्टनची धाव ५० मिमी धरा. घनफळ सुमारे ९८ घन सेंमी येते. धाव ५० मिमी म्हणजे क्रँकची त्रिज्या २५ मिमी. निष्कास द्वाराची वरची कड माथ्यापासून २८ मिमी खाली आहे असे माना. क्रँक माथ्यापासून ९० अंश फिरला की पिस्टन ही कड उघडतो. परत वर येताना तो तेथेच ती झाकतो. म्हणजे दार १८० अंश उघडे राहते.

त्या जागी पिस्टनचा वेग जवळजवळ क्रँकच्या खिळीइतकाच असतो. खिळीच्या वर्तुळाचा परीघ सुमारे १५७ मिमी. म्हणून १ मिमी म्हणजे ३६० भागिले १५७, सुमारे २.३ अंश. दार २ मिमी उंच केले तर ते ४.६ अंश आधी उघडते आणि तितकेच उशिरा मिटते. उघडे राहण्याचा काळ सुमारे १८९ अंशांवर जातो.

मिनिटाला ६००० फेरे होत असतील तर एका फेऱ्याला सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. १८० अंशांना फक्त ५ मिलिसेकंद! एवढ्यात जळलेला वायू पुरता बाहेर पडत नाही. तेथे मोठे दार उपयोगी पडते. म्हणून सपाटीवर गाडी पळाली.

घाटात मात्र फेरे २००० वर आले. आता त्याच १८० अंशांना १५ मिलिसेकंद मिळतात. वेळ आधीच भरपूर आहे. मोठ्या दाराने फायदा नाही, तोटा मात्र तीन प्रकारे होतो. पिस्टनला अजून ढकलू शकणारा वायू लवकर निसटतो. ताजे मिश्रण अधिक वाया जाते. शिवाय दार मिटल्यानंतरच मिश्रण खरे दाबले जाते. ती धाव २८ मिमीवरून २६ मिमीवर येते. घाटाला हवा असतो कमी फेऱ्यांतला जोर, आणि नेमका तोच कमी झाला.

मग शर्यतीच्या गाड्यांत हे कसे चालते? पूर्व जर्मनीतील एमझेड कारखान्याचे अभियंते वाल्टर काडेन यांनी दारांबरोबर धुराच्या नळीचाही विचार केला. नळी आधी रुंद आणि पुढे निमुळती केली, की दाबाची लाट उलट फिरून निसटणारे मिश्रण परत आत ढकलते. १९६१ साली त्यांच्या १२५ सीसीच्या इंजिनाने सुमारे २५ अश्वशक्ती दिली. पण ही लाट ठरावीक फेऱ्यांनाच वेळेवर परतते. शर्यतीत गियर सतत बदलून फेरे तेथेच राखता येतात. दोन माणसे घेऊन घाट चढताना ते जमत नाही.

मग सिलिंडरला हातच लावू नये काय? तसे नाही. दारात साचलेली काजळी काढावी. भरणद्वाराची वाट आणि पेटीचे तोंड यांच्यात पायरी राहिली असेल तर ती गुळगुळीत करावी. दाराची उंची मात्र बदलू नये. घासलेल्या दाराची धारदार कड तशीच राहिली तर पिस्टनची रिंग तेथे अडकून तुटते. घासून काढलेला धातू परत बसत नाही, हे तर तुम्हाला सांगायलाच नको. शिवाय नोंदणीकृत वाहनात असे फेरफार करण्यावर मोटार वाहन कायद्याचे बंधन आहे.

माझ्या विद्यार्थ्याने शेवटी मूळ मापाचा दुसरा सिलिंडर बसवला. या वेळी बसवण्यापूर्वी त्याने दाराची उंची मोजून वहीत लिहून ठेवली!

करून पाहा : पुठ्ठ्यावर २५ मिमी त्रिज्येचे वर्तुळ काढा. १०० मिमी लांबीची पट्टी टाचणीने त्याच्या कडेला जोडा आणि तिचे दुसरे टोक वर्तुळाच्या मध्यातून काढलेल्या सरळ रेषेवर सरकवा. हे टोक म्हणजे पिस्टन. माथ्यापासून २८ आणि २६ मिमीवर खुणा करून कोनमापकाने कोन मोजा. वरील आकडे तुमचे तुम्हालाच मिळतील.