न थांबणारा टाळ

पेठ (ता. आंबेगाव) येथील सप्ताहात कीर्तन आटोपल्यावर एका शाळकरी मुलाने विचारले, “महाराज, मृदंगाच्या बोलांत गुप्त निरोप लपवता येतो का हो?” मंडळी हसली. पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हे. त्याचा थोडा विचार करू.

आफ्रिकेत काँगो देशी लोकेले नावाचे लोक आहेत. पोकळ लाकडी ढोलावर ते गावोगाव निरोप धाडीत. ढोलाचे नाद दोनच, एक उंच व एक खालचा. परंतु त्यांच्या भाषेत स्वराच्या चढउताराने शब्दाचा अर्थ पालटतो. तोच चढउतार ढोल वाजवी. पुष्कळ शब्दांचा चढउतार सारखाच, म्हणून घोटाळा टाळण्यासाठी एका शब्दाऐवजी ठरलेले लांब वाक्यच वाजवीत. जॉन कॅरिंग्टन या मिशनऱ्याने १९४९ साली यावर पुस्तक लिहिले. आता यात लपविलेले काय? काही नाही. जाणत्याला ती भाषा, अजाणत्याला नुसता दणदणाट.

मराठीत असा स्वरभेद नाही, म्हणून आपला मृदंग शब्द बोलत नाही. स्तुतिपरणात देवाची नामे आणि वाद्याचे बोल एकत्र गुंफतात खरे, पण नाम तोंडानेच म्हणावे लागते. हात त्याच्या लघुगुरूंचा तोल राखतो, इतकेच.

मग आपण वाद्याने निरोप देतच नाही काय? देतो, आणि तोही हजारोंच्या समक्ष! हैबतबाबा आरफळकरांनी ज्या सोहळ्याला शिस्त लावली, त्या माउलींच्या पालखीत पाहा. पालखी तळावर येते, दिंड्या भोवती उभ्या राहतात, चोपदार दंड उंचावतात. त्यासरशी टाळ-मृदंग बंद. पण ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल, ती टाळ चालूच ठेवते. चोपदार तिकडे जातात, ऐकून घेतात, मग तो टाळ थांबतो. पुढे हरवले-सापडले पुकारतात आणि मग समाजआरती होते. टाळ तोच, हात तोच. क्षणापूर्वी ते भजन होते, आता ते गाऱ्हाणे झाले. भोवती शांतता झाली म्हणूनच ते ऐकू आले. आणि क्रम ध्यानात घ्या: आधी गाऱ्हाणे, मग आरती.

हे सारे मी कीर्तनात सांगत आलो. पण त्याच पेठेत एकदा माझीच फजिती झाली. मी लय वाढवावी, तर मृदंगमणी पुन्हा ठायीला येई. मला राग आला, डोळे वटारले. नंतर कळले, मागे एका वृद्ध टाळकऱ्याला घेरी येत होती. मृदंगमण्याने ते पाहिले होते, मी नाही. निरोप उघड वाजत होता. बहिरा मी होतो.

म्हणून त्या मुलाला म्हटले, “बाळा, निरोप लपवायची विद्या मला येत नाही. वाजतो आहे तो ऐकायला शीक, म्हणजे मीही तुझ्याबरोबर शिकेन.”

रामकृष्णहरि.