गाडीत एलपीजी : परवडतं का?

पालकहो, मुलांची शाळेची व्हॅन कशावर चालते, हे कधी विचारलंय का? एलपीजी म्हणजे प्रोपेन व ब्युटेन यांचे दाबाखाली द्रवरूप केलेले मिश्रण. ते पेट्रोलपेक्षा सहसा स्वस्त मिळते. पण एका लिटरमधली ऊर्जा कमी, म्हणून अ‍ॅव्हरेजही कमी. तेव्हा हिशोब लिटरचा नको, किलोमीटरचा करा. किटचा खर्च आणि डिकीतली गेलेली जागाही त्यात धरा.

टाकी 80 टक्केच भरतात, कारण उष्णतेने द्रव प्रसरण पावतो. हा वायू हवेपेक्षा जड. गळला तर वर उडून जात नाही, खालीच साचतो. म्हणून घरगुती सिलिंडरमधून व्हॅनमध्ये गॅस भरणे धोक्याचे, आणि बेकायदाही. व्हॅनच्या आरसी बुकात एलपीजीची नोंद आहे ना, ते आजच बघा.