पत्ते पिसण्यापूर्वीचे गणित



मागच्या उन्हाळ्यात बारावीचा एक विद्यार्थी शंका विचारायला परभणीतल्या माझ्या घरी आला होता. शंका संपल्या, तरी त्याचा चेहरा उतरलेलाच. खोदून विचारल्यावर कळले, की मोबाईलवरच्या पत्त्यांच्या खेळात तो लागोपाठ तीन डाव हरला होता. ‘‘सर, माझा कॅटच वाईट आहे. अर्धी पाने बदलली, तरी हरलो,’’ तो म्हणाला. ती नवी पाने विकत घेण्यात त्याचे खानावळीचे पैसे गेले होते.

मी विचारले, ‘‘लंबकाचे एकच निरीक्षण घेऊन गुरुत्वत्वरणाची किंमत लिहितोस का?’’

‘‘नाही सर. पाच-सहा निरीक्षणे घेऊन सरासरी काढतो.’’

‘‘मग तीन डावांवरून कॅटची किंमत कशी ठरवलीस?’’

त्यावर तो गप्प बसला. मग आम्ही कागद-पेन्सिल घेऊन जे गणित मांडले, तेच आज तुमच्यापुढे ठेवतो.

कॅट आपला, क्रम योगायोगाचा

सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाचा कॅट १२० पानांचा असतो. दहा अवतारांची प्रत्येकी १२ पाने. तो खेळ असो की आपला ५२ पानांचा, सर्वांना एकाच कॅटातून पाने वाटली जातात. १९९३ साली रिचर्ड गारफील्ड या अमेरिकी गणितज्ञाने रचलेला ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ आला. त्यात प्रत्येक खेळाडू आपला कॅट आधीच जुळवून आणतो. याच कुळातला संगणकावरचा खेळ म्हणजे २०१४ साली आलेला ‘हार्थस्टोन’. २०१८ च्या जाकार्ता आशियाई खेळांत तो प्रदर्शनी स्पर्धा म्हणून ठेवला होता आणि भारताच्या तीर्थ मेहता याने त्यात कांस्यपदक मिळवले होते.

या खेळाचे मुख्य नियम असे : कॅट सामान्यतः ३० पानांचा. एकाच पानाच्या जास्तीत जास्त दोन प्रती. पहिल्याने खेळणाऱ्याला सुरुवातीला ३ पाने मिळतात आणि दर पाळीला एक नवे पान. प्रत्येक पानाला किंमत असते. ती ‘मॅना’ नावाच्या स्फटिकांत द्यायची. पहिल्या पाळीला १ स्फटिक, दुसरीला २, असे वाढत वाढत १० पर्यंत. न वापरलेले स्फटिक पुढच्या पाळीत मिळत नाहीत. प्रतिस्पर्ध्याचे ३० प्राणांक शून्यावर आणले की डाव जिंकला.

आता चढाईचा कॅट, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला सावरू न देता झटपट डाव संपवणारा कॅट, कसा जुळवायचा?

आधी शेवट ठरवा

समजा, सहाव्या पाळीपर्यंत डाव संपवायचा आहे. तोवर आपल्याला एकूण १ + २ + ३ + ४ + ५ + ६ = २१ स्फटिक मिळतील आणि ३ + ६ = ९ पाने हाती येतील. २१ ला ९ ने भागा. उत्तर येते सुमारे २.३. म्हणजे पानांची सरासरी किंमत याच्या जवळपास असावी. ती १ असेल तर नऊ पानांत ९ स्फटिक खर्च होतील आणि १२ वाया जातील. ती ५ असेल तर पाने हातातच अडकून पडतील.

हाच हिशेब दहाव्या पाळीसाठी करा. स्फटिक ५५, पाने १३, सरासरी ४.२. म्हणजे ‘चांगले पान कोणते?’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. डाव कधी संपवायचा, यावर ते ठरते. १९९६ साली अटलांटा येथील मॅजिकच्या स्पर्धेत पॉल स्लाय हा खेळाडू जे श्नायडर यांनी रचलेला कॅट घेऊन दुसरा आला. त्यातली कित्येक पाने इतरांनी कुचकामी ठरवली होती. पण ती स्वस्त होती आणि वेळेवर खेळता येत होती.

परभणीकडच्या शेतकऱ्याला हे नवे नाही. मूग दोन-सव्वादोन महिन्यांत घरात येतो, तूर पाच-सहा महिने घेते. कोणते पीक चांगले, हे पाऊस किती दिवस टिकेल ते पाहूनच ठरते.

लवकर सुरुवातीचा फायदा

१ स्फटिकाचा, २ माऱ्याचा एक शिपाई पहिल्या पाळीला उतरवला. शिपाई सहसा उतरल्याच्या पुढच्या पाळीपासून मारा करतो. तो टिकला, तर सहाव्या पाळीअखेर ५ वेळा मारून १० प्राणांक घटवील. आता ४ स्फटिकांचा, ४ माऱ्याचा शिपाई चौथ्या पाळीला उतरवा. तो सहाव्या पाळीअखेर २ वेळाच मारील, घट ८. अंतर म्हणजे वेग गुणिले काळ, हे तुम्ही शिकला आहात. येथेही तसेच आहे. वेग कमी असला तरी काळ जास्त मिळाला.

पण डाव दहाव्या पाळीपर्यंत लांबला तर? पहिल्याची घट १८ आणि दुसऱ्याची २४. शिवाय उशिरा हाती आलेले स्वस्त पान फारसे उपयोगी पडत नाही. चढाईच्या कॅटची ही किंमत आहे. ती समजून-उमजून द्यावी.

पहिल्या पाळीचे पान मिळेल का?

१ स्फटिकाची पाने किती ठेवावीत? पहिल्या पाळीपर्यंत आपण ४ पाने पाहतो. समजा, अशी ८ पाने ठेवली. मग उरलेली २२ पाने पहिल्या पाळीला निरुपयोगी. चारही पाने त्यांतलीच येण्याची शक्यता

(२२ × २१ × २० × १९) ÷ (३० × २९ × २८ × २७) = ०.२६७

म्हणजे निदान एक तरी हवे ते पान मिळण्याची शक्यता सुमारे ७३ टक्के. असेच काढत गेलो तर :

४ पाने ठेवल्यास ४५ टक्के
८ पाने ठेवल्यास ७३ टक्के
१२ पाने ठेवल्यास ८९ टक्के
१६ पाने ठेवल्यास ९६ टक्के

पहिल्या चार जादा पानांनी २८ टक्क्यांची भर पडली, पुढच्या चारांनी १६ ची, त्यापुढच्यांनी ७ ची. भर घटत जाते, हे ध्यानात घ्या. शिवाय सुरुवातीची नको असलेली पाने एकदा बदलून घेता येतात. हवे पान नसताना तिन्ही पाने बदलली, तर ८ पानांनिशीही शक्यता सुमारे ९१ टक्क्यांवर जाते. मग सोळा कशाला?

स्वतः करून पाहा

जुन्या वहीच्या सारख्या ३० चिठ्ठ्या करा. आठांवर खूण करा. डब्यात नीट हलवून, न पाहता ४ चिठ्ठ्या काढा. खुणेची चिठ्ठी आली का, ते लिहा. चिठ्ठ्या परत टाका व पुन्हा काढा. दहा वेळांत कदाचित ५ येतील, कदाचित ९. शंभर वेळा कराल, तर आकडा ७३ च्या आसपास येईल.

आता त्या विद्यार्थ्याच्या तीन पराभवांकडे वळू. शंभरात ५५ डाव जिंकून देणारा कॅट हा चांगलाच म्हणायचा. तोही कोणतेही तीन डाव लागोपाठ हरण्याची शक्यता ०.४५ × ०.४५ × ०.४५, म्हणजे सुमारे ९ टक्के! वीस डावांत तो सरासरी ११ जिंकेल. पण ९ जिंकला किंवा १३ जिंकला, तरी नवल नाही. तीन डावांवरून त्याला वाईट ठरवणे म्हणजे एका वर्षीच्या पावसावरून बियाणे फेकून देण्यासारखे आहे.

त्या मुलाने पुढे एक वही केली. डाव, आलेली पाने, निकाल आणि ‘खेळताना माझी चूक झाली का?’ असे चार रकाने. पन्नास डाव भरेपर्यंत एकही नवे पान विकत घ्यायचे नाही, असे ठरले. पन्नासाव्या डावानंतर तो वही घेऊन आला. बहुतेक पराभवांसमोर चौथ्या रकान्यात ‘होय’ लिहिले होते. कॅटमधली दोनच पाने बदलावी लागली आणि ती त्याच्याजवळ होतीच.

कोणते पान येईल, हे आपल्या हाती नाही. कोणती पाने येऊ शकतील, हे मात्र आपल्या हाती आहे. तेवढे नीट करावे आणि निकाल मोजताना धीर धरावा.

स्वाध्याय

१. १ स्फटिकाची १० पाने ठेवल्यास पहिल्या पाळीपर्यंत (पाने न बदलता) निदान एक मिळण्याची शक्यता किती?
२. वर सांगितलेल्या दोन शिपायांनी केलेली एकूण घट कितव्या पाळीअखेर सारखी होईल?

(उत्तरे : १. सुमारे ८२ टक्के. २. सातव्या, दोघांची १२.)